बाळंतपण जनाचं, गोष्ट तुझी

१७ एप्रिल. गॉजच्या घड्या घालून निर्जंतुकीकरणाचा ड्रम भरायचा आहे.

शैला, तुझं तेरावं झालं आणि आम्ही सगळे कामाला लागलो. आता दुपार आहे. ओपीडी संपली, डॉक्टर मीटिंगला गेले, मावशी जेवायला गेल्या. लेबर रूमच्या बाहेरच्या टेबलावर गॉजचं थान पसरून बसले आहे. हे काम आपण दोघी करायचो. तू कापायचीस, मी घड्या घालायचे. आता दोन्ही माझ्याकडेच आलं. तू फार वाकडं कापायचीस, हे आता सांगायला हरकत नाही.

शोकसभेत तुझ्याबद्दल सगळं बोलून झालं. नोकरीची वर्षं, किती गावं, किती बाळंतपणं, मनमिळाऊ स्वभाव. मनमिळाऊ म्हटल्यावर मी खाली बघितलं, कारण समोर तो आपला फार्मासिस्ट बसला होता, ज्याच्याशी तू अख्खा एक पावसाळा खुणांनी बोललीस. मी उठून काही बोलले नाही. सभेत सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. जे आहे ते तुझ्याशीच बोलायचं आहे, आणि ते जनाबद्दल आहे. उद्या सकाळी मी तिच्याकडे जाते आहे.

पण आधी झाडलोटीचं बोलू, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

मी जव्हारहून बदलून इकडे या केंद्रात नर्स म्हणून आले, तेव्हा आपण दोघींनी एकत्र केलेलं पहिलं बाळंतपण सरळ झालं होतं. बाळ रडलं, बाई हसली, हत्यारं धुऊन झाली, रजिस्टर भरलं. मी चहाला निघाले तर तू म्हणालीस, "चहा मग. आधी झाडलोट."

"मावशींनी केली की."

"खोलीची केली. आपली राहिली."

आणि तू स्टुलावर बसून सरळ सांगायला लागलीस, की आज मी बाईला पाणी विचारलं नाही, ओठ सुकले होते तिचे, मला दिसत होतं, तरी नाही विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "आता तू बोल."

"माझं काही नाही. सगळं नीट झालं."

"नीट झालं ते मला माहीत आहे. तू पुन्हा केलंस तर काय वेगळं करशील?"

"शैला, मी काय शाळेत आहे?"

"शाळेत असतीस तर बाकावर उभं केलं असतं."

तुझे नियम होते. एकीनं स्वतःचं बोलायचं, दुसरीनं ऐकायचं. समजूत घालायची नाही, खुलासा द्यायचा नाही, 'पण त्या वेळी' असं म्हणायचं नाही. चूक झाली नसली तरी बोलायचं. मी म्हटलं, चूकच नाही तर काय बोलायचं? तर म्हणालीस, "घर रोज झाडतेस, ते काय घराचा रोज उकिरडा होतो म्हणून?"

मला ते थेर वाटले. काम नीट करावं आणि घरी जावं, अशा मताची मी. माझ्या सासरी दुकान आहे. तिथे दिवस संपला की हिशेब लागला का एवढंच बघतात, दिवस कसा वाटला असं कोणी विचारत नाही. पण तू सोडलं नाहीस. एकदा तूच माझी झाडलोट केलीस, नियम मोडून. म्हणालीस, "मंदे, तू बाईच्या सासूला खुर्ची समजतेस. मधे आली की सरकवतेस." मी इतकी चिडले की तुझ्या डब्यातलं काही खाल्लं नाही. पुढच्या बाळंतपणाला मात्र मी म्हातारीला नाव विचारलं आणि सुनेच्या उशाशी बसवलं. तिनं मला सांगितलं की पोरगी पहाटेपासून ओकते आहे आणि काही बोलत नाही. त्या एका वाक्यानं माझं पुढचं सगळं काम बदललं. त्याबद्दल मी तुला कधी धन्यवाद दिले नाहीत. आता देते.

पुढे ती सवय माझ्या अंगात भिनली. जव्हारला जाताना मी जीपमध्ये बसून मनातल्या मनात झाडलोट करायचे. तू रजेवर असलीस तर मावशींपुढे करायचे. मावशी म्हणायच्या, "बाई, तुम्ही बोलता आणि मला उगाच वाटतं की माझंच काही चुकलं." परत आल्यावर ते ऐकून तू हसायचीस. म्हणायचीस, मावशींना लावू नकोस गं हा नाद, आहेत तेवढ्या बऱ्या आहेत.

आता जना.

सूर्यमाळकडच्या वरच्या पाड्यावरची ही पोरगी पहिल्या खेपेला आपल्याकडे आली ती दिवसाढवळ्या, सगळं वेळेत. मूल झालं पण रडलं नाही. मी त्याला घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी गेले आणि पुढचा सगळा वेळ माझी पाठ तुमच्याकडे होती. मी फक्त ऐकत होते. तुझा आवाज बदलला तेव्हा कळलं की रक्त थांबत नाही. तू मावशींना फोनकडे पिटाळलंस. रघू ड्रायव्हर जीप लावली म्हणून सांगायला दारात आला, तर तू त्याला आत ओढलंस आणि सलाइनची बाटली धरायला लावलीस. एक हात आत, एक हात पोटावर, अशी तू जव्हारच्या दवाखान्यापर्यंत जीपमध्ये बसून गेलीस. हात काढला नाहीस. जना वाचली. तिच्या पोरालाही मी रडवलं. हे तुझं नोकरीतलं सगळ्यात मोठं काम, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

त्याची झाडलोटही तू केलीस. अगदी मन लावून. सलाइनची दुसरी सुई आधीच लावायला हवी होती, इंजेक्शन हाताशी हवं होतं, जीप आधी सांगून ठेवायला हवी होती. सगळं खरं. तू म्हणालीस तसे आपण बदलही केले.

मग ती गोष्ट तू सांगायला लागलीस. प्रत्येक ट्रेनिंगमध्ये. गावोगावच्या आशा सेविकांना, नव्या नर्सना, एकदा तर जिल्ह्याच्या साहेबांपुढे. तू फार छान सांगायचीस. रघूचा भाग आला की हॉल हसायचा: "रघू पानासारखा थरथरतोय, पण बाटली हलली नाही हो त्याची!" टाळ्या पडायच्या. पाड्याचं नाव तू घ्यायचीस. जनाचं नाव घेत नव्हतीस, पण त्या पाड्यात त्या वर्षी जव्हारला नेलेली बाई एकच होती, आणि समोर बसलेल्या आशा त्याच भागातल्या होत्या.

डिसेंबरात मी लसीकरणाला वर गेले होते. जनाला पुन्हा दिवस गेलेले. मी म्हटलं, या वेळी आधीच ये, केंद्राच्या माहेरघरात, दिवस भरत आलेल्या बायांच्या खोलीत, आईला घेऊन राहा, गेल्या खेपेला किती रक्त गेलं होतं तुझं. ती म्हणाली, "बाय, माना नाय यायचा तिकडं." मागून एक बाई म्हणाली, "तिला बाटली धराया डायवर लागतो!" सगळ्या हसल्या. जनानं पोराला काखेत घेतलं आणि निघून गेली.

उतरताना मी आशा पार्वतीला खोदून विचारलं. रघू हा जनाच्या नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ. त्यांच्याकडे थोरल्या दिरापुढे सून ओट्यावर बसत नाही, त्याच्यासमोरून डोकं उघडं ठेवून जात नाही. त्या रघूनं तिला त्या टेबलावर पाहिलं. कोणी वरून चादर टाकली नाही. एवढं झालं ते झालं. पण तुझी गोष्ट आशांबरोबर पाड्यावर पोचली. आता रघूला लोक आग्रह करतात आणि एका लग्नात तर, हळदीच्या वेळी, त्यानं चारचौघांत ती रंगवून सांगितली. जना तिथेच भाकऱ्या थापत होती.

मी हे तुला सांगितलं. तेव्हा सांगितलं आणि आजही मला वाटतं की सांगितलं ते बरंच केलं. जव्हारच्या ट्रेनिंगला सकाळी तू पुन्हा ती गोष्ट सांगितली होतीस. ते संपल्यावर आपण शिरपामाळला फिरायला गेलो. मुंबईकडची कुठली मंडळी फोटो काढत होती, तू भेळ घेतलीस.

मी म्हटलं, "ती जनाची गोष्ट सांगणं बंद कर."

सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "बाई जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग? मंदे, रक्त धो धो वाहत होतं आणि तू मला चादरीचं विचारतेस?"

"वाहत होतं तेव्हाचं नाही विचारत. नंतरचं विचारते. एकदा तरी गेलीस तिच्याकडे? तुला कसं गेलं बाई, असं विचारलंस?"

"मला काय त्यांचं कळत नाही? मी पोशेऱ्याची आहे. त्यांच्या पोरांत खेळले मी. त्यांची भाषा बोलते. तू जव्हारच्या पेठेतली, तू मला शिकवणार?"

"तुला भाषा येते म्हणूनच तू विचारत नाहीस. मला येत नाही, म्हणून मला दर वेळी विचारावं लागतं."

भेळेचा कागद तू चुरगाळून हातात तसाच धरून ठेवलास. मी आणखी एक बोलले: रोज झाडलोट करतेस ती स्वतःच स्वतःला विचारून. आपली पाठ आपल्याला दिसते का? ते दुसऱ्यालाच विचारावं लागतं, आणि ती दुसरी मी नाही, टेबलावरची बाई आहे.

तू म्हणालीस, "झालं तुझं बोलून?" आणि रिक्षात मागे न बसता ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलीस.

तो वाद तिथेच राहिला. तू बोलायची थांबलीस, नंतर बोलायला लागलीस, पण त्यावर नाही. मात्र पुढच्या ट्रेनिंगला तू ती गोष्ट सांगितली नाहीस. कोणीतरी आठवण केली, "ताई, ती रघूची सांगा ना," तर तू म्हणालीस, "ती झाली जुनी." मी मागच्या रांगेत होते. मला बरं वाटलं, आणि ते मी तुला सांगायला हवं होतं असंही वाटलं. पण आपण दोघी अशा, की भांडण तोंडानं करायचं आणि मिटवायचं ते मात्र डब्यातली चटणी पुढे सरकवून. तू सरकवलीस. मी घेतली.

तुझ्या आजारपणात मी भेटायला आले होते. तुझी सून खोलीत होती म्हणून आपण औषधांचं बोललो. ती चहा करायला गेल्यावर तू विचारलंस, "जनाला कितवा?"

"आठवा लागला."

"तू जाऊ नकोस तिच्याकडे. मी जाते. माझं आहे ते."

"बरी हो आणि जा."

"जाते."

तू गेली नाहीस. तुला दोष देत नाही, तुला उठताच आलं नाही. आता जनाचे दिवस भरत आलेत. डॉक्टरांनी समजावलं, पार्वतीनं समजावलं, ग्रामसेवकानं घरच्यांना दरडावलं. सगळे तिला एकच सांगतात, घरी राहिलीस तर मरशील. ती म्हणते, मरंन. पहिल्या खेपेला एवढं रक्त गेलेली बाई डोंगरावर घरी बाळंत होणार, खाली आणायला रस्ता तसला. काय होऊ शकतं ते तुला मी सांगायला नको. तू जाऊ नकोस म्हणाली होतीस, पण तू आता जाणार नाहीस. म्हणून मी जाते.

घड्या संपल्या. ड्रम भरला.

पुढचं दुसऱ्या दिवशी लिहिते आहे.

सकाळी पहिल्या जीपनं निघाले आणि उरलेलं पायी चढले. पाड्याखालच्या विहिरीवर बायका बसल्या होत्या. तळाला पाझरतं तेवढंच पाणी. एक जण आत उतरून तांब्यानं भरते, बाकीच्या वर वाट बघतात. जना त्यांच्यात बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "जना, गेल्या वेळी आमच्याकडे तुझं कसं गेलं, ते मला सांग."

एक जण फिसकन हसली. जना उठली आणि तिकडच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जे तिचं सगळ्यांपुढे उघडं पडलं होतं, ते मी विचारायला आले आणि पुन्हा सगळ्यांपुढेच विचारलं. ही माझी आजची झाडलोट, शैला. नोंद घे.

मी झाडाखाली गेले. म्हटलं, "मी तुला न्यायला आले नाही. ऐकायला आले."

"काय ऐकायचा? सगळ्यांना ठाव हाय."

"मला नाही. माझी पाठ होती तुझ्याकडे. मी तुझ्या पोराला रडवत होते."

तिनं वळून नीट बघितलं. "ती तुमी?"

"मीच."

"तो रडला, ता माना ऐकू आला." मग ती झाडाच्या सालीकडे बघत बोलली. तुझ्याबद्दल बोलली, म्हणून जसंच्या तसं देते. "ती बाय सगळ्यांशी बोलत व्हती. त्याला सांगं, बाटली वर धर. तुमाला इचारं, पोराचा काय झाला. मावशीला ओरडं. माझ्याशी नाय बोलली. माना वाटला, मी मेली. मेलेल्याशी कोन बोलतो? मंग डोळं उघडलं त समोर तो उभा. तवा वाटला, मेली असती त बरा."

माझ्या तोंडाशी पुष्कळ खुलासे आले. वेळ नव्हता, हात अडकले होते, तिथे कोणीही असतं तरी हेच केलं असतं. सगळे खरे. एकही बोलले नाही. तुझा नियम.

मग तिनं विचारलं, "ती बाय कठं हाय? ती नाय आली?"

"ती वारली. गेल्या महिन्यात."

जनानं पदर तोंडाला लावला आणि काढला. "तिचा हात मोठा व्हता. लय दुखला. पन तिना सोडला नाय."

हे तुझ्यासाठी. तुला यायचं होतं ते बहुधा हेच ऐकायला, आणि आधीचंही.

मी म्हटलं, तू आलीस तर आत बाई माणसंच असतील. मावशींशिवाय आणखी एक बाई मी आधीच बोलावून ठेवीन. अंगावर चादर राहील. रक्त गेलं तर घाई होईल, दुखेल, त्याचा शब्द देत नाही. पण काय करते ते तुला सांगत सांगत करीन. तुझी आई उशाशी बसेल.

"आन नंतर?"

"नंतर काय?"

"तुमी बी गोष्ट सांगाल."

"नाही सांगणार."

"तो सांगतो." तिनं वरच्या घराकडे बोट केलं. "त्याला बंद करा. मंग पाहू."

मी तशीच रघूच्या घरी गेले. तो ओट्यावर चहा पीत होता. "या, या सिस्टर! शैलाबाईंचं फार वाईट झालं. मी इथं सगळ्यांना सांगत होतो, बाई काय होती! त्या जनाच्या वेळी..."

"तेच बंद करायचं, रघू."

"अहो, मी कौतुकानं सांगतो."

"कौतुक शैलाचं आणि अंग जनाचं. तुझ्या बायकोचं बाळंतपण जनाच्या नवऱ्यानं हळदीत सांगितलं तर चालेल का?"

दारातून त्याची बायको म्हणाली, "ऐका आता. मी कवापासून सांगते."

रघूनं कप खाली ठेवला. म्हणाला, "मग लोकांनी विचारलं तर काय सांगू?"

"गाडी चालवली, एवढं सांग."

"ती तर मी रोजच चालवतो."

"मग रोजचंच सांग."

तो माझ्याकडे बघून हसला नाही. "बरं, नाही सांगणार," म्हणत मान डोलावली. मग म्हणाला, "शैलाबाई असत्या तर त्यांनी असं सांगितलं नसतं." मी म्हटलं, "सांगणार होती. तिच्याच्यानं झालं नाही."

उतारावर वळणापाशी जना उभी होती, कमरेवर भरलेली कळशी घेऊन. इतक्या अवघडलेल्या बाईनं ती उचलायलाच नको होती.

"काय बोलला?"

"नाही सांगणार म्हणाला. सांगितलंच तर त्याची बायको बघून घेईल."

तिच्या तोंडावर जरा हसू आलं. "बाजाराच्या दिशी येतू," ती म्हणाली. "आयेला घेऊन."

मी कळशी घ्यायला हात पुढे केला. तिनं दिली नाही. मी तिला विचारलं, मागून आले तर चालेल का. ती चला म्हणाली, तशी मी तिच्यामागून तिच्या घरापर्यंत चढले.